होड्या थांबल्या तो दिवस

बोंबलांचा हंगाम आला की माझं डोकं फिरतं. दिवाळी सरते, उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणल्या जातात आणि बघता बघता सगळी वाळू बोंबलांच्या पडद्याआड जाते. बाहेरचा माणूस नाकाला रुमाल लावतो आणि मोबाइलवर फोटो काढतो. त्याला वास येतो. मला राग येतो. काही जणांना ऋतू बदलला की सर्दी होते, तसा हा माझा राग ठरल्या वेळेला येतो आणि संक्रांत उलटली तरी हटत नाही.

बोंबील वाळत घालायची एक रीत आहे. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. बोंबलाचे दात बारीक, आत वळलेले. एकदा अडकले की वारा कितीही सुटू दे, जोडी सुटत नाही. दोघंही मेलेले, दोघंही वाळत चाललेले, पण पकड कायम. आमच्या घराचं आणि आमच्या गावाचं अगदी असंच आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. नवापूरच्या पुढेमागे, खाडीच्या तोंडावर आहे एवढं पुरे. नाव लिहिलं की उद्या दारात उभे राहतील आणि मग मला त्यांची तोंडं बघावी लागतील.

यंदा तसंही एक तोंड दारात आलंच. गावच्या जुन्या पाटलांचा नातू, नीलेश. पोरगा गोड बोलतो, सरावलीकडे कारखान्यात नोकरी करतो, गावात पुढारपण करतो. गावाच्या वेशीवर नवी कमान उभी राहिली आहे, तिच्यावर माझ्या भावाचं नाव घातलं आहे आणि उद्‌घाटनाची फीत मी कापावी अशी गावाची इच्छा आहे, असं तो पायरीच्या खाली उभा राहून म्हणाला. हातात छापलेलं पत्रक होतं. ते त्याने पायरीवर ठेवलं, कारण त्याला माहीत आहे की मी त्या घराच्या हातून काही घेत नाही.

पत्रकात दादाचा फोटो होता, निळ्या टोपीतला. खाली एक वाक्य होतं: "वीर जवान जनार्दन यांच्या वीरमरणाची वार्ता येताच संपूर्ण गावाने दिवसभर एकही होडी समुद्रात नेली नाही."

मी चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचलं. जन्मभर मी पालघरला मास्तरकी केली. मुलांच्या वह्यांतल्या खोट्या वाक्यांखाली लाल रेघ मारण्यात हयात गेली. पण या वाक्याखाली रेघ मारता येईना. शब्द न शब्द खरा आहे. त्या दिवशी गावाची एकही होडी समुद्रात गेली नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ती का गेली नाही, तेही पाहिलं आहे.

दादाचं नाव जनार्दन, गावात सगळे जनू म्हणत. आमचे वडील लवकर गेले; एक शिडाची होडी, एक डोल, आई आणि आम्ही दोघं मागे ठेवून गेले. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून ठेवतात आणि पाण्याची ओढ फिरली की जाऊन रिकामं करतात. वेळेवर रिकामं केलं नाही तर आतला बोंबील कुजतो आणि जाळंही फाटतं. दादा मिसरूड फुटायच्या आत तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, झाला. त्याच्या हातांना सदा मुशी माशाच्या तेलाचा वास, कारण होडीच्या फळ्यांना तेच चोपडतात. त्याच वासाच्या हाताने तो माझी वेणी ओढायचा. शीळ घालायचा तर अशी की पल्याडच्या गावची कुत्री भुंकायला लागायची. किनाऱ्यावर मी बोंबलांच्या जोड्या लावायची, तो मागून येऊन त्यातल्या एखाद्याला बोलायला लावायचा, पाटलांच्या आवाजात. "जमात बसली हाय रे, जमात बसली हाय." मी हसून हसून टोपली सांडायची. मला त्याची आठवण येते. फोटोतल्या निळ्या टोपीवाल्याची नाही, बोंबलाच्या तोंडून पाटील बोलवणाऱ्याची येते. ही गोष्ट मी नीलेशला सांगणार नाही.

पल्याडचं गाव म्हणजे खाडीच्या पलीकडचं. त्यांचं आणि आमचं समुद्रातल्या खुंटांवरून वैर. कुणी कुठे खुंट रोवायचे यावरून दरसाल डोकी फुटायची. एका वर्षी फारच झालं, तेव्हा जमात बसली. जमात म्हणजे गावच्या पंचांची बैठक, पाटील तिचे मुख्य. त्यांनी ठराव केला, की पल्याडच्यांशी बोलायचं नाही, द्यायचं नाही, घ्यायचं नाही, तहानेने मरत असले तरी पाणी पाजायचं नाही. पावसाळा तोंडावर असताना त्यांची एक होडी आमच्या खाडीसमोर वादळात फुटली. माणसं फळ्यांना धरून ओरडत होती. आमच्या गावच्या चार होड्या त्यांच्या जवळून वळसा घालून आत आल्या. दादाने होडी उलटी फिरवली, दोर टाकला आणि त्या माणसांना ओढून आमच्याच किनाऱ्यावर आणलं. आईने त्यांना पेज पाजली.

जमात पुन्हा बसली. दादाला मधे उभं केलं. पाटील म्हणाले, "चुकलं म्हण, पाया पड, दंड भर, मोकळा हो."

दादा म्हणाला, "बुडत्या मानसाला दोर टाकला. त्यात चुकलं काय ते आधी सांगा, मंग पडतो पाया."

त्याला कुणीच सांगितलं नाही. आमचं घर मात्र वाळीत पडलं.

वाळीत पडणं म्हणजे काय, हे बोंबलांच्या हंगामातच कळतं. एरवी माणूस घरात बसून तोंड लपवू शकतो. पण हंगामात सगळं गाव किनाऱ्यावर असतं, आणि सगळ्यांच्या दोऱ्या लटकलेल्या असताना आमच्या बांबूंवर नुसता वारा. होडीवर खलाशी म्हणून कुणी येईना. जो येईल तो वाळीत. आमच्या होडीला, घागरीला, दोरीला कुणी हात लावायचा नाही, लावला तर तोही वाळीत. विहिरीवर आम्ही गेलो की बाया आपल्या कळशा उचलून बाजूला व्हायच्या आणि आमचं पाणी भरून होईपर्यंत आभाळाकडे बघत राहायच्या. त्यात माझ्या मैत्रिणीही होत्या. त्यांना आता नातवंडं आहेत, गुडघे धरलेत, देवळात भेटल्या की डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, "त्या वख्ताला आमचा काय इलाज होता बाय?" आभाळाकडे बघायचं की जमिनीकडे, एवढा तरी इलाज त्यांच्या हातात होता.

त्या हंगामात आमच्याकडे थोडे बोंबील आले ते पल्याडून. सकाळी खाडीच्या काठाला एक टोपली ठेवलेली असायची, वर केळीचं पान. कोण ठेवतं ते दिसायचं नाही. आई ती टोपली उचलायची आणि सगळ्या गावाच्या देखत आमच्या दोरीवर त्या बोंबलांच्या जोड्या घालायची. घालताना मुद्दाम गाणं म्हणायची. माझ्या आईला गाता येत नव्हतं.

खलाशी नाहीत म्हटल्यावर तांडेल काय करणार? दादाने लष्करात नाव घातलं. मी त्याला बोईसर स्टेशनपर्यंत पोचवायला गेले होते. तेव्हाचं बोईसर म्हणजे भातखाचरं आणि स्टेशनाबाहेर गवताच्या गंज्या. आता तिथे जाऊन मी कुणाला गवत सांगितलं तर हसतील. स्टेशनावर दादा म्हणाला, "होडीला तेल लावत ऱ्हा. लाकूड सुकलं तं फळ्या उलतात." एवढंच. गाडी आली, गेली. आईने त्यानंतर प्रत्येक महिन्याला त्या होडीला तेल लावलं. ज्या होडीत बसायला माणूस नाही तिला तेल लावणारी बाई बघून गाव हसलं. आईने ते हसणं नीट ध्यानात ठेवलं. माझी आई विसरभोळी होती, मीठ कुठे ठेवलं ते तिला आठवायचं नाही, पण कोण कधी हसलं ते मरेपर्यंत आठवायचं.

मग शांतिसेनेतून दादा काँगोला गेला. आफ्रिकेत. दुसऱ्याच्या घरातलं भांडण सोडवायला. ज्याला स्वतःच्या गावाने दोर टाकल्याबद्दल वाळीत टाकलं तो सातासमुद्रापार अनोळखी लोकांची डोकी एकमेकांपासून वाचवायला गेला, याचं मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. त्याची पत्रं यायची, मी आईला वाचून दाखवायची. एकात लिहिलं होतं की इथे समुद्र नाही, कुठल्याच बाजूला नाही, नदीतला मासा मातीसारखा लागतो, तर वाळलेले बोंबील पाठव. आईने पल्याडच्यांनी दिलेले बोंबील डब्यात दाबून भरले आणि टपालाने धाडले. पुढच्या पत्रात त्याने कळवलं, की डबा उघडला तसा सगळा तंबू बाहेर पळाला, आणि ते बाहेर आहेत तोवर मी अर्धा डबा संपवला. आईने ते पत्र मला इतक्या वेळा वाचायला लावलं की मला ते पाठ झालं. ती प्रत्येक वेळी त्याच जागी हसायची.

तार आली ती भर हंगामात. आणली पोस्टाच्या माणसाने, वाचली मी. गोळी लागून गेला, तिथेच अग्नी दिला, असा तिचा अर्थ. आई बोंबलांची जोडी लावत होती. तिने ती जोडी पुरी केली, दोरीवर टाकली, हात लुगड्याला पुसले आणि थेट पाटलांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मी मागोमाग.

इथे आमच्या गावची एक चाल सांगितली पाहिजे. गावात मयत झाली की त्या दिवशी एकही होडी समुद्रात जात नाही. म्हातारा मरो की तान्हं पोर, हंगाम असो की नसो. समुद्रात डोली भरून कुजल्या तरी चालतील, पण गेलेल्याच्या मागे होड्या काठाला उभ्या राहतात. आमच्याकडे श्राद्धापेक्षा, तेराव्यापेक्षा ते मोठं. माणूस होता आणि आता नाही, हे समुद्राला कळवायची तीच एक रीत. आईला बाकी काही नको होतं. रडायला बाया नकोत, खांदा द्यायला माणसं नकोत, कारण खांद्यावर घ्यायला काही नव्हतंच. तिला फक्त तो एक दिवस हवा होता.

ती म्हणाली, "पाटील, माजा जनू गेला. उद्या होड्या ठेवा."

पाटील जेवायला बसत होते. ते म्हणाले, "मयत गावात व्हावी लागते. तो गेला परमुलखात. आनि तुमी वाळीत हाव."

"तो गावचा तांडेल व्हता."

"हंगाम हाय," पाटील म्हणाले. "उधानाचं पानी हाय. डोली भरल्यात. उगा गावाचं नुकसान कोन करंल?"

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित विसरले असते. भावाच्या मरणावर हंगाम ठेवून बघितला आणि हंगाम जड भरला, इतकं सोपं. आई अंगणातून वळली. घरी येताना तिने वाटेत थांबून खाडीच्या तोंडाकडे बघितलं.

खाडीचं तोंड अरुंद. एका अंगाला खडक, एका अंगाला चिखलाची पाळ, मधून एका वेळी एकच होडी जाईल एवढी वाट. भरतीचं पाणी चढलं की होड्या एकामागे एक बाहेर पडतात, ओहोटी लागली की ती वाट बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष न्याहारी करत असताना आईने आणि मी वडिलांची होडी पाण्यावर घेतली. तेल लावलेली होडी, पाणी चढलं तशी आपसूक उचलली. बांबूने ढोसत ढोसत आम्ही ती तोंडापर्यंत नेली, आडवी केली, पुढचा नांगर खडकात अडकवला, मागचा चिखलात टाकला. मग आई होडीच्या काठावर बसली, पाय पाण्यात सोडून. मी तिच्या शेजारी. वाट बंद.

पहिली होडी आली, थांबली. तिच्यामागे दुसरी. बघता बघता खाडीत शिडांची गर्दी झाली. "होडी काढा," "ए बाय, खुळी झालीस काय," असे आवाज आले. आई ढिम्म. एकाने बांबू उचलला, आमची होडी ढकलायला पुढे केला आणि तसाच धरून उभा राहिला. कारण मागून कुणीतरी म्हणालं, "हात लावू नको रे. वाळीतली होडी हाय."

हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. होडी ढकलायची तर तिला शिवावं लागणार, शिवला की तो वाळीत. नियम त्यांचाच, दंड त्यांचाच. प्रत्येक तांडेल दुसऱ्याकडे बघू लागला. कुणी तरी आधी हात लावावा आणि आपण मागून सुटावं, अशी प्रत्येकाची इच्छा. पण आधीचा कुणी होईना. चार वर्षांच्या पोराच्या लक्षात येईल अशी गोष्ट, की सगळ्यांनी मिळून हात लावला तर वाळीत टाकायला मागे उरतं कोण? पण इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून फक्त एकच गोष्ट केली होती, दुसऱ्याला बाहेर काढण्याची. दुसरं काही मिळून करायची त्यांना सवय नव्हती.

पाटील काठावर आले. त्यांनी लखमाला हाक मारली. लखमा हा वारली आदिवासी, डोंगरातून दर हंगामाला बोंबील वाळवायच्या कामाला यायचा. तो जमातीतला नाही, त्याला शिवाशिवीचा दंड नाही. पाटील म्हणाले, "लखमा, जा, ती होडी सोडव."

लखमा गुडघाभर पाण्यात उतरला. आमच्याजवळ आला, आईकडे बघितलं, मग परत वळला. "मी नाय हात लावत," तो म्हणाला. "मयताच्या घरची हाय. आमच्यात मयताच्या घरचं भांडं पन कोन हलवत नाय."

पाटलांनी त्याला आईमाईवरून शिव्या दिल्या. लखमा काठावर जाऊन उकिडवा बसला आणि विडी पेटवली. पुढच्या हंगामापासून त्याला गावात काम मिळालं नाही. तेही माझ्या हिशेबात आहे.

तेवढ्यात पाणी फिरलं. ओहोटीचं पाणी एकदा ओढायला लागलं की कुणाचं ऐकत नाही. मागच्या होड्या एकेक करत चिखलात बसल्या, शिडं उतरली, माणसं शिव्या देत घरी गेली. बाहेर समुद्रात डोली भरल्या, फुगल्या आणि आतल्या आत कुजल्या. पुढच्या भरतीलाही आम्ही नांगर उचलला नाही. आई होडीतच बसून राहिली.

मला आठवतो तो दुपारचा समुद्र. हंगामात समुद्र कधी रिकामा दिसत नाही, शिडं असतातच, पांढरी, मळकी, ठिगळांची. त्या दिवशी एकही नव्हतं. आधी वाटलं, आमच्या गावची अडवली म्हणून. मग आईने हात वर करून पल्याडच्या किनाऱ्याकडे दाखवलं. त्या गावच्या होड्याही वाळूवर उभ्या होत्या, सगळ्या, शिडं गुंडाळून. त्यांच्या होड्या सरळ वाळूवरून समुद्रात उतरतात, त्यांची वाट कुणी अडवली नव्हती. त्यांना दादाची बातमी कुणी नीटशी सांगितलीही नसेल, खाडीवरून आवाज गेला असेल तेवढाच. ज्यांना त्याने दोर टाकला होता त्यांनी आपणहून होड्या ठेवल्या होत्या.

आई तोवर रडली नव्हती. त्या रिकाम्या समुद्राकडे बघून ती रडली, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. मीही रडले. मग तिने खाडीचं पाणी ओंजळीत घेतलं, समुद्राकडे सोडलं आणि म्हणाली, "जा आता बाबा. कळलं त्याला." त्याला म्हणजे समुद्राला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नांगर उचलले. संध्याकाळी पाटील आमच्या दारात आले, बरोबर दोन पंच, हातात नारळ. गावाचं नुकसान फार झालं होतं आणि ही बाई पुन्हा होडी आडवी घालणार नाही याची खात्री नव्हती, म्हणून जमातीने आम्हाला परत घ्यायचं ठरवलं होतं. पाटील हसून म्हणाले, "झालं गेलं खाडीत सोडू. आजपासून तुमी गावात."

आई दारात उभी राहिली. "पायरीच्या खालीच ऱ्हा," ती म्हणाली. "तुमी आमाला वाळीत टाकलं व्हतं, ते संपलं आसंल तर संपू दे. आमी तुमाला टाकलं हाय. ते आजपासून चालू झालं."

पाटलांना वाटलं, दुःखाने बोलते आहे, निवळेल. आई निवळली नाही. तिने त्या गावाच्या हातचं पाणी पुन्हा घेतलं नाही. कुणाच्या लग्नाला गेली नाही, मयतीला गेली नाही. दोघींचं पोट पल्याडच्यांबरोबर धंदा करून भरलं. मी शिकले, नोकरी केली, पालघरला खोली घेतली, आणि रविवारी येऊन होडीला तेल लावलं. आई गेली तेव्हा तिला खांदा द्यायला पल्याडचे लोक खाडी ओलांडून आले. आमच्या गावाने त्या दिवशी मात्र होड्या ठेवल्या, न सांगता. खाडीच्या तोंडाशी कुणी बसलेलं नसताना ठेवल्या, एवढं मी त्यांच्या खात्यावर मांडते. पण तो दिवस आईचा. दादाचा नाही.

लोक मला सांगतात, सोड आता. इतकं वैर बरं नव्हे, रक्तदाब वाढतो. शिकलेली बाई आहेस. मी विचार करते आणि मला वाटतं, वैर म्हणजे त्या होडीसारखं आहे. नुसतं ठेवून दिलं तर फळ्या उलतात, महिन्याच्या महिन्याला हात फिरवावा लागतो. क्षमा करणं यापेक्षा खूप सोपं आहे. एक नारळ घ्यायचा आणि पायरीवर यायला सांगायचं. मग दादा गावाचा झाला असता, आणि त्याने काय केलं होतं ते विसरायला गावाला एक पिढीसुद्धा लागली नसती. तो काँगोत मेला हे सगळ्यांना आठवतं, कारण त्यात कुणाची लाज नाही. तो गावातून का गेला हे फक्त माझ्याकडे आहे. मी निवळले तर ते कुठे राहणार?

मधल्या काळात सगळं पालटलं. तारापूरच्या बाजूला मोठा प्रकल्प आला, रात्रीचं आभाळ उजळलं. बोईसरला कारखाने आले, गल्लीगल्लीत हिंदी आली. शिडं गेली, इंजिनं आली. खाडीच्या पाण्याला कधीकधी असा रंग येतो की मासा तर सोडाच, कावळासुद्धा तोंड फिरवतो. बोंबील अर्ध्यावर आले. वडिलांची होडी शेवटी कुजली. मी तिची लाकडं जाळली नाहीत, पण राहिलीही नाहीत. राहिला तो नांगर, पुढचा, खडकात अडकवलेला. तो माझ्या दारात असतो. येणारे-जाणारे त्याला चपला काढायची खूण समजतात.

तर नीलेश. पत्रक वाचून झाल्यावर मी त्याला म्हटलं, "मी येते. फीत कापते. एकच गोष्ट पाहिजे. त्या दिवशी होड्या ठेवा."

"कुठल्या होड्या आत्या?"

"गावच्या. सगळ्या. पत्रकात लिहिलंय ना, गावाने ठेवल्या होत्या? मग आता ठेवा. आपल्या हाताने."

"इचारून सांगतो," तो म्हणाला. पोरगा वाईट नाही. त्याला खरंच वाटत होतं की गाव हो म्हणेल.

काल तो परत आला. पायरीच्या खाली उभा राहिला, मोबाइल या हातातून त्या हातात केला. "आत्या, बाकी सगळं तुमच्या मनासारखं करू. हार, शाल, बँड लावलाय. बाजूच्या गावांना बी बोलावलंय. पन होड्यांचं जमत नाय. लोकं म्हनतात, हंगाम हाय."

शब्द तेच. स्वतःच्या आजोबाला त्याने कधी पाहिलेलंही नाही, आणि आवाजसुद्धा तोच, बिनरागाचा. माझ्या डोळ्यांसमोर जेवायला बसलेले पाटील आले, आणि अंगणात हात लुगड्याला पुसत उभी असलेली आई आली. मी त्याला बरं म्हटलं, जा म्हटलं. तो खूश होऊन गेला, कारण त्याला वाटलं होतं म्हातारी भांडेल.

तो गेल्यावर मी नांगरावरच्या चपला बाजूला केल्या. गंज चढला आहे, पण आकडे शाबूत आहेत. बादलीभर पाणी ओतून तो धुतला, पुसला, मुशीचं तेल आता मिळत नाही म्हणून घरातलं खोबरेल चोळलं. कमानीचं उद्‌घाटन रविवारी सकाळी आहे. रविवारी भरती कधी आहे ते मी कॅलेंडरात बघून ठेवलं.

मग पल्याडच्या गावात निरोप धाडला, की रविवारी सकाळपुरती एक होडी पाहिजे. त्यांचा लगेच होकार आला. होडी कशाला, हे त्यांनी विचारलं नाही.